सामू, मीठ आणि मिरजेची काळी माती

मिरजेच्या परसबागेतील माती प्रयोगशाळेत तपासायला दिली, की अहवालाच्या आरंभी ‘सामू’ हा शब्द येतो. आम्ल-विम्लतेची ही मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी मांडली. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची. शेतीशी तिचा थेट संबंध नव्हता!

पुढच्याच वर्षी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. कालव्याचे पाणी जिथे मुबलक पोहोचले, तिथेच जमिनीवर पांढरे मीठ फुलू लागले होते. पाझराने भूजल वर चढे, मातीतले क्षार सोबत आणी. पाणी उन्हाने उडून जाई, क्षार मागे राहत. दोष मातीचा नव्हता, निचऱ्याचा होता.

हेच दुखणे पुढे कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात आले. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात आजही क्षारपड जमिनींवर काम चालते.

अशा जमिनीत नुसता सामू फसवतो. सामू ८.५ च्या आत असूनही विद्युत वाहकता ४ च्या वर गेली, तर जमीन क्षारयुक्त. तिला निचरा आणि गोडे पाणी पुरते. सामू ८.५ च्या वर आणि मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असेल, तर ती चोपण. तिला जिप्सम लागते. निदान चुकले तर खर्च वाया आणि जमीनही हातची जाते.

अन्नद्रव्यांचे मोजमाप त्यामानाने अलीकडचे. चुनखडीच्या जमिनीतील स्फुरदासाठी ओल्सन यांची पद्धत १९५४ची, तर उपलब्ध नत्रासाठी सुब्बय्या आणि असिजा या भारतीय शास्त्रज्ञांची १९५६ची.

घरी व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर माती फसफसली, तर चुनखडी आहे एवढे कळते. गुलाबाची कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या, हे अशा मातीत लोहाच्या कमतरतेचे नेहमीचे लक्षण. लोह मातीत असते, मुळांना मिळत नाही. सामूपट्टी वापरायची तर माती डिस्टिल्ड वॉटरमध्येच कालवावी. मिरजेच्या बोअरच्या पाण्यात कालवली, तर पट्टीवर मातीबरोबर त्या पाण्याचाही सामू उमटतो.