बॉबी, रामायण आणि रिकामी ग्रामसभा

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

"लोकांना सिरियल बघायला वेळ आहे, राजकारणाकडे बघायला नाही." हे वाक्य पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात, कुठेही ऐकू येतं. बोलणारा स्वतःही संध्याकाळी रिमोट सोडत नाही, ती गोष्ट वेगळी. मी इतिहास शिकवणारा माणूस. त्यामुळे असं काही कानावर पडलं की मी आधी तारखा बघतो. आणि तारखा काही वेगळंच सांगतात.

६ फेब्रुवारी १९७७, रविवार. दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची मोठी सभा. जयप्रकाश नारायण येणार होते आणि चारच दिवसांपूर्वी काँग्रेस सोडलेले जगजीवन राम, म्हणजे बाबूजी. आणीबाणीत दूरदर्शन पूर्णपणे सरकारच्या ताब्यात होतं. त्या संध्याकाळी ठरलेला सिनेमा बदलून 'बॉबी' लावला गेला. चार वर्षांपूर्वी देशाला वेड लावलेला सिनेमा, तोही घरबसल्या फुकट. हेतू कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही मैदान भरलं, लोक पायी चालत आले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा झळकला, त्याचा अर्थ असा की बाबूजींनी बॉबीला हरवलं. आणि मार्चमध्ये इंदिरा गांधींचं सरकार गेलं.

कुणी म्हणेल, तेव्हा टीव्ही होता किती घरांत? बरोबर आहे. म्हणून दहा वर्षं पुढे येऊ.

२५ जानेवारी १९८७ ला रामानंद सागर यांचं 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीवर अख्खी आळी. पाठोपाठ बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' आलं, ते १९९० च्या जूनपर्यंत चाललं. ते चालू असतानाच, १९८९ च्या नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. मतदान सुमारे ६२ टक्के. टीव्हीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं त्या १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते ४५ टक्के होतं. उलट पडद्यावरची माणसंच राजकारणात आली. सीता झालेल्या दीपिका चिखलिया आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी १९९१ ला खासदार झाले, कृष्ण झालेले आपले नितीश भारद्वाज १९९६ ला.

आता महाराष्ट्राचं बघा. १९९२ ला झी टीव्ही आला, केबलच्या वायरी गल्लीबोळात, झाडाझाडावरून लोंबायला लागल्या. पालक, शिक्षक, संपादक सगळे म्हणायला लागले, आता समाज बिघडणार. आणि १९९५ च्या विधानसभेला आपल्या राज्यात जवळजवळ ७२ टक्के मतदान झालं. त्यानंतरच्या एकाही विधानसभेला तो आकडा गाठता आलेला नाही.

मोठ्या शहरांचं चित्र वेगळं आहे, हे मान्य. २६/११ च्या हल्ल्यानंतर मुंबईत मेणबत्त्या घेऊन हजारो लोक रस्त्यावर आले. पाच महिन्यांनी लोकसभेला मुंबईत मतदान झालं सुमारे ४१ टक्के. त्याच हिवाळ्यात अख्खा महाराष्ट्र सारेगमप लिटिल चॅम्प्सच्या पोरांवर जीव ओवाळून टाकत होता, एसएमएस पाठवत होता. पण ती पोरं कोल्हापूरनेही बघितली आणि गडचिरोलीनेही, आणि तिथे मतदान साठ टक्क्यांच्या पुढे होतं. मग दोष टीव्हीला कसा द्यायचा?

थोडक्यात, टीव्हीने लोकांना राजकारणापासून तोडलं ही गोष्ट इतिहासात सापडत नाही. मला जे सापडतं ते जास्त काळजीचं आहे. आपल्याला राजकारणाचा कंटाळा नाहीच. कंटाळा आहे तो कारभाराचा. राजकारण आपण सिरियलसारखं आवडीने बघतो आणि कारभार चालू झाला की चॅनल बदलतो.

पुरावा फार जुना नाही. जून २०२२ आठवा. आमदार सुरतला गेले, तिथून गुवाहाटीला. हॉटेल कुठलं, विमान कुठलं, आज किती जण पोचले, सगळं आपल्याला पाठ होतं. झाडी आणि डोंगारावर विनोद करून करून तोंड दुखलं. शेतात भांगलणाऱ्या बायकांपासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे आकडेमोड करत होते. याला कुणी उदासीनता म्हणेल का?

आणि त्याच जूनमध्ये मुंबई आणि पुणे महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. दोन्हीकडची मुदत मार्चमध्येच संपली होती. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या कोर्टकज्ज्यात निवडणुका अडकल्या आणि प्रशासक बसले. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून स्पष्ट सांगितलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक. प्रत्यक्षात जानेवारी २०२६ उजाडलं. जवळजवळ चार वर्षं! मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतं, आणि त्यावर चर्चा करायला लोकांनी निवडून दिलेला एक माणूस सभागृहात नव्हता. यासाठी कुठे बंद झाला? कुठे रस्ता अडवला गेला? मेणबत्त्यासुद्धा निघाल्या नाहीत. आणि निवडणूक झाली तेव्हा मुंबईत मतदान २०१७ पेक्षाही थोडं कमीच झालं.

शहरवाल्यांना हसू नका, आपल्याकडे या. ग्रामसभेला कोरम किती लागतो माहितीये? मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. पाच हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं! जत्रेच्या तमाशाला त्याच्या दसपट येतात. मी बघितलेल्या किती तरी ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाल्यात. आणि गंमत अशी की तहकूब सभेला कोरमच लागत नाही. मग ठरलेले वीस जण बसतात, ठराव वाचला जातो, सह्या होतात. घरकुलाची यादी, पाण्याची योजना, गायरानाचा विषय, सगळं त्यात मार्गी लागतं. मग वर्षभर आपण म्हणत बसतो, "यादीत आपलं नाव कसं नाही?"

असं का होतं? लोक आळशी आहेत म्हणून, हे उत्तर सोपं आहे पण पुरं नाही. सिरियलची वेळ ठरलेली असते, माणसं ओळखीची असतात, कालचं काय झालं ते आज सांगितलं जातं. ग्रामसभेची नोटीस बोर्डावर कोपऱ्यात, सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला, आणि मागच्या ठरावाचं काय झालं हे विचारलं तर "बघू" एवढंच उत्तर. माणूस एकदा जातो, दोनदा जातो, तिसऱ्यांदा म्हणतो, रोजगार बुडवून कशाला? आणि सभा रिकामी राहिली की काहींची सोयच होते. १९७७ ला दिल्लीची गर्दी रोखायला 'बॉबी' लावावा लागला. आज काही लावावं लागत नाही.

पण दुसरीही गोष्ट आहे. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे छोटं गोंड गाव. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा चालते. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकायचा अधिकारही. टीव्ही काय, ज्या काळात तिथे धड रस्ता नव्हता तेव्हापासून लोक सभेला बसत आलेत. कारण बसल्याने काहीतरी होतं, हे त्यांनी बघितलंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सिरियल खुशाल बघा, बिग बॉसही बघा, मी काही संस्कृतिरक्षक नाही. पण पुढच्या ग्रामसभेची तारीख आत्ताच ग्रामसेवकाला विचारून घ्या. जाताना मागच्या सभेचं इतिवृत्त मागा आणि एकच प्रश्न विचारा: मागच्या ठरावाचं काय झालं? एकटे जाऊ नका, दहा जण जा. बायकांना बरोबर न्या, पाण्याचं त्यांना जास्त कळतं. शहरात असाल तर चार वर्षांनी मिळालेल्या नगरसेवकाला आपल्या प्रभागासाठी किती पैसे आले ते विचारा.

पहिल्या वेळी "बघू" म्हणतील. दुसऱ्या वेळी परत जा.

तुमच्या गावात मागची ग्रामसभा कधी झाली आणि किती जण होते, तेवढं खाली लिहा. यादी करू.