भाकरी आणि कोरड्यास : बीडच्या आहाराचा इतिहास

बीड जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि बालाघाटाच्या हलक्या रानात असो वा गोदावरी-सिंदफणेकाठच्या काळ्या जमिनीत, ज्वारी हेच तेथील मुख्य अन्न होते. सालगड्याची मजुरी आणि बलुतेदाराचे बलुते बहुधा ज्वारीतच मोजले जाई, आणि सुगीनंतर उरलेले धान्य पेवात, म्हणजे जमिनीखाली खोदलेल्या कोठारात, पुढील वाईट वर्षासाठी जपले जाई. मात्र या आहाराचे आरोग्यमूल्य एकट्या भाकरीत नव्हते. त्याचा मोठा भाग कोरड्यासात, म्हणजे भाकरीबरोबरच्या कालवणात होता. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे शरीराला स्वतः बनवता न येणारे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्ये ती उणीव भरून काढतात. ज्वारीच्या तासांमध्ये तूर, मूग, मटकी, हुलगा व अंबाडी आणि शेताच्या कडेने जनावरांना अडवणारी काटेरी करडई पेरण्याच्या पद्धतीमुळे डाळ, पालेभाजी आणि तेल एकाच रानातून घरात येत असे.

ज्यांच्याकडे रानच नव्हते, त्यांच्या ताटात भाकरीबरोबर बहुतेकदा तिखट-मीठच असे, आणि जुन्या आहाराचे गोडवे गाताना या घरांचा विसर पडणे अन्यायाचे आहे. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळे. नियासिन या जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या या रोगात उन्हाच्या संपर्कातील त्वचा काळवंडून भेगाळते, जुलाब होतात आणि मनही भ्रमते. हैदराबादेतील पोषण संशोधक सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याकडे बोट दाखवले. या कारणमीमांसेवर पुढे वाद झाला, तरी डाळी-दुधाची जोड असलेल्या ताटात हा रोग सहसा दिसत नाही, ही गोष्ट ज्वारीपेक्षा दारिद्र्याविषयी अधिक सांगते.

1972 च्या दुष्काळाने, जो प्रत्यक्षात त्याआधीच्या अपुऱ्या पावसाच्या वर्षांचा कळस होता, ताटाची ही घडी मोडली. खडी फोडणाऱ्या मजुरांना दुष्काळी कामांवर सुकडी हा पूरक आहार मिळे, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो ही तांबडी ज्वारी. या मदतीने असंख्य जीव वाचले, हे निर्विवाद आहे. त्यानंतरच्या दशकांत रेशनच्या गहू-तांदळाने पोटाची हमी दिली, पण कापूस आणि सोयाबीनने ज्वारीबरोबरच तिच्या तासांतली कडधान्येही हटवली, त्यामुळे धान्य स्वस्त झाले तरी कोरड्यास विकत घ्यावे लागू लागले.

अशा तुटपुंज्या आहाराची खूण पुढच्या पिढीच्या शरीरावर राहते, हे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या अभ्यासातून पुढे आले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे 3.5 किलो भरले. तरीही भारतीय बालकांत स्नायू कमी असताना त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती, आणि ही ठेवण पुढे मधुमेहाला अनुकूल ठरते असे संशोधक मानतात. नेदरलँड्समध्ये 1944-45 च्या उपासमारीत गर्भात असलेल्यांच्या शरीरातही प्रौढपणी साखरेचे नियमन बिघडलेले आढळले. बीडच्या संदर्भात हे फार गंभीर आहे, कारण 1972 च्या आसपास जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून मधुमेहाचा धोका वाढण्याच्या वयात आली आहे.

आणि ही साखळी थांबलेली नाही. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो लोक ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. तेथे कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहणारी बाई पहाटे भाकऱ्या थापून उसाच्या फडात जाते आणि दुपारी त्याच भाकऱ्या चटणीशी खाते. तीच बाई गरोदर असली तर 1975 पासून सुरू असलेल्या अंगणवाडी योजनेतील तिच्या वाट्याचा पोषण आहार, फडाजवळच्या अंगणवाडीत तिची नोंद झाली नाही तर, कित्येक महिने तिच्यापर्यंत पोचत नाही.