मस्कीच्या ट्रोलिंगसाठी रील कशी निवडायची? लाइन काउंटर, ड्रॅग आणि गिअरचं गणित सोप्या भाषेत

'रील' आणि 'ट्रोलिंग' हे दोन शब्द एकत्र वाचले की आपल्याला आधी इन्स्टाग्राम आठवतं आणि मग त्याखालच्या कॉमेंट्स. पण मासेमारीत हे दोन्ही शब्द सोशल मीडियाच्या कितीतरी आधीपासून आहेत.

रील म्हणजे गळाच्या काठीला (रॉडला) लावलेलं, दोरी गुंडाळणारं यंत्र. ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेऊन मासा शोधणं. आपल्याकडे कोकण आणि गोव्याच्या समुद्रात हौशी लोक सुरमईसाठी हेच करतात. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या तलावांमध्ये हे केलं जातं मस्की नावाच्या माशासाठी.

मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा टोरंटोच्या आसपास राहणाऱ्या कुणी वीकेंडला गळ टाकायला सुरुवात केली, की कधी ना कधी मस्कीचा विषय निघतोच. मग दुकानात किंवा ऑनलाइन रील शोधताना आकड्यांचा गोंधळ सुरू होतो. 4.2:1 म्हणजे काय? लाइन काउंटर हवाच का? महागडी रील घ्यायलाच हवी का?

हेच सगळं आज समजून घेऊ.

मस्की म्हणजे कोणता मासा?

पूर्ण नाव मस्केलंज, शास्त्रीय नाव इसॉक्स मॅस्क्विनाँजी. पाइक माशांच्या कुळातला हा सगळ्यात मोठा मासा. लांबट अंग, सुसरीसारखा चपटा जबडा आणि धारदार दात. 1955 पासून तो विस्कॉन्सिनचा राज्य मासा आहे.

मस्की संख्येने कमी असतो आणि सहजासहजी गळाला लागत नाही. म्हणूनच तिकडे त्याला 'दहा हजार वेळा गळ फेकल्यावर मिळणारा मासा' म्हणतात. मोठ्या तलावात एका जागी उभं राहून गळ फेकण्यापेक्षा बोट चालवत जास्त पाणी पालथं घालणं फायद्याचं ठरतं. म्हणून मिशिगन आणि ओंटारियोच्या मधला लेक सेंट क्लेअर, विस्कॉन्सिनचा ग्रीन बे, सेंट लॉरेन्स नदी अशा ठिकाणी ट्रोलिंग जोरात चालतं.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. 50 इंचांचा, म्हणजे सव्वा मीटरहून लांब मस्की तयार व्हायला साधारण दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे मस्कीच्या मागे लागणारे बहुतेक लोक मासा पकडतात, फोटो काढतात आणि परत सोडतात. मिनेसोटात तर बहुतेक ठिकाणी 54 इंचांपेक्षा लहान मस्की ठेवायला कायद्यानेच बंदी आहे.

मग यात रीलचा काय संबंध?

संबंध थेट आहे. मासा जितका वेळ झुंजतो, तितका तो दमतो. फार दमलेला मासा पाण्यात सोडला, पोहत निघून गेला, तरी नंतर मरू शकतो. पाणी गरम असेल तर धोका आणखी वाढतो, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो.

लहान किंवा कमजोर रीलवर मोठा मासा लागला की झुंज लांबते. बघणाऱ्याला मजा वाटते, पण किंमत मासा मोजतो. त्यामुळे 'मोठी रील म्हणजे शोबाजी' असं समजू नका. इथे दणकट रील हवी, ती मासा लवकर बोटीजवळ आणून जिवंत सोडता यावा म्हणून.

मासा लागेपर्यंतही रीलला आराम नसतो. ट्रोलिंगमध्ये बोट साधारण ताशी 5 ते 8 किलोमीटर वेगाने चालते. मागे 8 ते 12 इंचांचा ल्यूर, म्हणजे नकली मासा, पाणी कापत थरथरत असतो. हा ताण तासन् तास रीलवर येतो. फेकून मासेमारी करायची रील अशा कामासाठी बनवलेली नसते.

कोणत्या प्रकारची रील घ्यायची?

मस्कीच्या ट्रोलिंगसाठी सरळ उत्तर आहे: गोल, आडव्या स्पूलची कन्व्हेन्शनल रील. स्पूल म्हणजे जिच्यावर दोरी गुंडाळतात ती फिरकी, शिलाईच्या दोऱ्याच्या रिळासारखी. शिमानोची टेकोटा, ओकुमाची कन्व्हेक्टर, दाइवाची सीलाइन या मालिकांची नावं दुकानात हमखास दिसतील. यात कन्व्हेक्टर सहसा स्वस्तात पडते, टेकोटा महाग.

नवशिक्यांकडे बहुधा स्पिनिंग रील असते, जी काठीच्या खाली लटकते. ती हलक्या कामाला उत्तम. पण सतत ओढल्या जाणाऱ्या मोठ्या ल्यूरसाठी ती घेऊ नका.

ट्रोलिंगमध्ये काठी हातात नसते, बोटीच्या कडेला लावलेल्या होल्डरमध्ये असते. त्यामुळे रीलच्या वजनाची चिंता नको. हलकी रील म्हणून जास्त पैसे मोजायची गरज नाही.

लाइन काउंटर: चैन की गरज?

लाइन काउंटर म्हणजे रीलवरचं छोटं मीटर. किती फूट दोरी बाहेर गेली ते दाखवतं.

ल्यूर किती खोल जाईल हे बऱ्याच अंशी मागे किती दोरी सोडली यावर ठरतं. समजा तीन काठ्या लावल्या आहेत आणि 45 फुटांवरच्या ल्यूरला मासा लागला. मासा सोडल्यावर तोच ल्यूर पुन्हा 45 फुटांवर नेता आला पाहिजे. अंदाजाने सोडाल तर कदाचित 35 फुटांवर जाईल, कदाचित 60 वर. मग मासे निघून गेले की आपण चुकलो, हे कळणारच नाही.

पण काउंटरबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. तो दोरी मोजत नाही, स्पूलचे फेरे मोजतो.

एक साधं गणित बघा. दोरीने भरलेल्या स्पूलचा व्यास 5 सेंटीमीटर असेल, तर एका फेऱ्यात सुमारे 15.7 सेंटीमीटर दोरी सुटते. स्पूल अर्धवट भरलेला असेल आणि व्यास 4 सेंटीमीटर असेल, तर तेवढ्याच फेऱ्यात सुटते सुमारे 12.6 सेंटीमीटर. म्हणजे भरलेल्या स्पूलप्रमाणे मोजणारा काउंटर 100 फूट दाखवत असताना प्रत्यक्षात गेलेली असते 80 फूट.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा.

- स्पूल कंपनीने सांगितलेल्या पातळीपर्यंत भरा.
- दोन-तीन रीली वापरणार असाल तर एकच मॉडेल, एकच दोरी आणि सारखीच भरलेली ठेवा. आकडा थोडा चुकला तरी सगळ्यांचा सारखाच चुकेल आणि काम भागेल.

काउंटर नसलेली जुनी रील असेल तर? दोरी सारखी पसरवणारा लेव्हलवाइंड, म्हणजे स्पूलसमोर डावी-उजवीकडे सरकणारा भाग, किती वेळा या टोकाहून त्या टोकाला गेला ते मोजायचं. ही जुनी युक्ती आजही चालते. ठरावीक अंतराने रंग बदलणारी दोरीही मिळते.

ड्रॅग: सगळ्यात महत्त्वाचा भाग

ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक. माशाने ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढलं की स्पूल घसरतो आणि दोरी सुटते. त्यामुळे दोरी तुटत नाही, गळ वाकत नाही.

मस्कीसाठी बहुतेक जण 80 पाउंडांची ब्रेडेड दोरी वापरतात. ही विणलेली दोरी जवळजवळ ताणली जात नाही. कोकणात जिला तंगूस म्हणतात ती नायलॉनची दोरी थोडी लांबते आणि धक्का सोसते. ब्रेडमध्ये ती सोय नाही. बोट पुढे चालली आहे, मासा उलट दिशेने झडप घालतो आणि मधल्या दोरीत जराही लवचिकता नाही. हा सगळा धक्का ड्रॅगला सोसावा लागतो.

इथे डब्यावरच्या 'मॅक्स ड्रॅग' या आकड्याला भुलू नका. 20 पाउंडांच्या आसपासचा आकडा पुरेसा आहे. खरी कसोटी ही की ड्रॅग झटके न देता सुटतो का. दुकानात रील हातात घ्या, ड्रॅग अर्धा घट्ट करा आणि दोरी हळूहळू ओढा. अडकत-सुटत येत असेल तर ती रील नको. कार्बनच्या चकत्या असलेले ड्रॅग यात सहसा चांगले असतात.

तो लावायचा किती? ल्यूरच्या ओढीने दोरी सुटू नये, पण माशाच्या झडपेने सुटावी, इतका. मासा पक्का लागला की हवा तर थोडा घट्ट करता येतो.

व्यासाचं गणित इथेही लागू होतं. दोरी बाहेर जाऊन स्पूल 5 चा 4 सेंटीमीटर झाला, तर ड्रॅगला हात न लावताही दोरीवरचा ताण सुमारे 25 टक्क्यांनी वाढतो. म्हणून मासा लांब पळाला की घाबरून ड्रॅग आणखी आवळू नका.

गिअर रेशो: घाट चढताना कोणता गिअर टाकता?

4.2:1 याचा अर्थ हँडल एकदा फिरवलं की स्पूल 4.2 वेळा फिरतो. वरच्याच 5 सेंटीमीटरच्या स्पूलवर एका फेऱ्यात सुमारे 66 सेंटीमीटर दोरी आत येईल. 6.3:1 असेल तर सुमारे 99 सेंटीमीटर.

मग जास्तच चांगलं नाही का? गिअरची सायकल आठवा. घाट चढताना आपण हलका गिअर टाकतो, कारण वेग कमी मिळाला तरी जोर कमी लागतो. पाण्यात तोंड उघडून अडलेला मोठा मासा म्हणजे घाटच. ट्रोलिंगसाठी साधारण 4:1 ते 5:1 रेशो चांगला. जोडीला लांब हँडल आणि मुठीत नीट मावणारा मोठा नॉब असावा. थंडीत हातमोजे घालून रील फिरवताना त्याची किंमत कळते.

किती दोरी मावायला हवी?

इथे अनेक जण गरजेपेक्षा मोठी रील घेतात. समुद्रातले काही मासे एका दमात शेकडो मीटर पळतात. मस्कीचा जोर बहुतेक वेळा बोटीजवळच्या उसळ्या, गिरक्या आणि डोकं झटकण्यात असतो. 150 ते 200 मीटर दोरी मावली तरी पुष्कळ झालं.

रीलवर क्षमता अनेकदा नायलॉनच्या हिशोबाने लिहिलेली असते. 80 पाउंडांची ब्रेड जाडीला साधारण 18-20 पाउंडांच्या नायलॉनइतकीच असते. म्हणजे 20 पाउंडांसमोरचा आकडा बघितला की अंदाज येतो.

ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळू नका, ती जागच्या जागी घसरते. आधी थोडी नायलॉन गुंडाळा, तिला ब्रेड जोडा. महाग ब्रेड कमी लागते आणि स्पूलही पूर्ण भरतो.

सेकंडहँड रील घेताना काय बघायचं?

पहिल्याच वर्षी नवी महागडी रील घ्यायला हवी असं नाही. जुनी पण सांभाळलेली रील वर्षानुवर्षं चालते. घेण्याआधी एवढं तपासा:

- हँडल फिरवताना खरखर किंवा अडकणं नको.
- लेव्हलवाइंड दोन्ही टोकांपर्यंत न थांबता गेला पाहिजे.
- काउंटर शून्यावर यायला हवा आणि दोरी सुटताना आकडा सलग पुढे सरकायला हवा.
- क्लिकर वाजला पाहिजे. काठी होल्डरमध्ये असताना मासा लागल्याची वर्दी हाच 'कर्रर्र' आवाज देतो.
- ड्रॅग सैल आणि घट्ट, दोन्हींत गुळगुळीत चालला पाहिजे.

घरी आणल्यावर एक सवय लावा. दिवस संपला की ड्रॅग सैल करून ठेवा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत.

पैसे देण्याआधी हे तपासा

रीली किती घ्यायच्या हे आधी नियम बघून ठरवा. मिनेसोटात खुल्या पाण्यात एका माणसाला एकच दोरी टाकता येते. विस्कॉन्सिनमध्ये तीनपर्यंत चालतात, पण मोटर चालू ठेवून ट्रोलिंग करण्याचे नियम वेगळे आहेत. लायसन्स काढतानाच त्या राज्याचं आणि त्या तलावाचं नियमपत्रक वाचा.

बजेट कमी असेल तर तीन साध्या रीलींपेक्षा एक चांगली घ्या. उरलेल्या पैशांत मोठं जाळं, लांब पक्कड आणि गळ कापायचं मजबूत कटर घ्या. रीलने मासा लवकर बोटीपाशी आणला, पण गळ काढायला दहा मिनिटं लागली, तर सगळं वाया गेलं. मासा जाळ्यात, पाण्यातच ठेवून गळ काढायचा आणि फोटोपुरताच बाहेर घ्यायचा.

आणि पृष्ठभागावरचं पाणी 27 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे 80 फॅरनहाइटच्या वर गेलं असेल, तर त्या दिवशी मस्कीच्या मागे जाऊ नका. कितीही चांगली रील असली तरी एवढ्या गरम पाण्यात दमलेला मासा वाचेल याची खात्री ती देऊ शकत नाही.