बालाघाटात इतिहासाचे काम : मृगापासून मृगापर्यंत

मंडळातल्या आम्हा सात-आठ हौशी लोकांचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, मार्चअखेरीसही नाही. (निम्म्यांची उमर बँकेत किंवा कचेरीत गेली, त्यामुळे मार्च म्हटले की अजून धडकी भरते.) आमचे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. जुन्या मराठी कागदांतले शुहूर सन आणि फसली सनही मृगालाच बदलत असत. वर्षाचा हिशोब पेरणीपासून धरायचा, ही रीत धानाच्या आपल्या जिल्ह्याला शोभणारी आहे. कोणत्या महिन्यात आम्ही काय करतो, का करतो आणि सभासदांनी घरी काय सांभाळावे, हे सर्वांना हाताशी असावे म्हणून लिहून ठेवत आहोत.

पावसाळ्यात बाहेरची कामे बंद असतात, म्हणून मोडीचा वर्ग तेव्हाच चालतो. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आजोबांच्या किंवा पणजोबांच्या हातचे मोडी कागद आहेत : जमिनीचे, देण्याघेण्याचे, सोयरिकीचे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या भागावर होता. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, पुढच्या वर्षी कंपनीने राज्य खालसा केले, आणि १८६७ मध्ये मंडला, शिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग काढून बालाघाट जिल्हा केला. कागद मात्र घराघरांत राहिले.

मोडी अवघड वाटते याचे कारण तिचा वेग. लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेई आणि लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे तिच्याखाली लटकवीत जाई. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. सहा आठवडे रोज अर्धा तास दिला तर नावे, रकमा आणि तारखा लागू लागतात, असा आमचा अनुभव आहे. सगळे पत्र लागायला मात्र वर्ष जाते.

तारखेचे गणित इथे देऊन ठेवतो, कारण दरवेळी कोणी ना कोणी विचारते. शक असेल तर ७८ मिळवावे. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करावे. ही दोन्ही वर्षे जानेवारीत बदलत नाहीत, म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो. शुहूर सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावे. 'इहिदे सितैन मया व अलफ' हे अरबी शब्द दिसले तर घाबरू नये : एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. त्यात ६०० मिळवले की जानेवारी १७६१ येतो, पानिपताचा महिना. मराठी कागदांतला फसली सन शुहूरपेक्षा नऊने पुढे असतो. उत्तर हिंदुस्थानी फसलीचे गणित थोडे वेगळे आहे आणि आपण सीमेवरचे लोक, तेव्हा फसली सन दिसला की कागदातल्या तिथी-वाराशी ताडून पाहावा.

पावसाळ्यातले दुसरे काम कागदांची राखण. दमट हवेत बुरशी धरते, कसर लागते. भरपावसात रुमाल सोडूच नये. चांगले ऊन पडले की सावलीत, हवेशीर जागी कागद पसरावेत. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात बांधावेत, वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवावी. थुंकी लावून पान उलटू नये. आणि लॅमिनेशन कधीही करू नये, ते पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टीचेही तेच. सुरुवातीच्या काळात आम्हीच एका सभासदाच्या वाटणीपत्राची घडी चिकटपट्टीने जोडली होती. चार वर्षांत पट्टी पिवळी पडली आणि सोडवताना तिच्याबरोबर दोन ओळींची शाई निघून आली. नेमक्या साक्षीदारांच्या नावांच्या. ज्यांचा कागद होता ते काही बोलले नाहीत, पण तो कागद आम्ही वर्गात दरवर्षी दाखवतो.

गणेशोत्सवात दहा दिवस जुन्या फोटोंचे टेबल मांडतो. हे प्रदर्शन नव्हे, ओळखपरेड आहे. फोटोतली माणसे कोण, हे सांगणारी मंडळी त्या दहा दिवसांत आपणहून येतात. एरवी त्यांच्या दारी जावे लागते. प्रत्येक फोटोला क्रमांक, शेजारी वही, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख. दोघांनी वेगवेगळी नावे सांगितली तर दोन्ही लिहायची, खोडायचे काहीच नाही. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिलने हलके लिहावे.

त्यानंतर येते दिवाळी, आणि आमच्या दृष्टीने वर्षातले सर्वांत धोक्याचे दिवस. साफसफाईत रद्दी निघते. काही घरांत जीर्ण पोथ्या-कागद वैनगंगेत सोडण्याची चाल आहे. भावना समजते, पण पोथीबरोबर बांधलेले हिशोबाचे बाडही जाते. काही वर्षांपूर्वी एका जुन्या घरातून निरोप आला की माळ्यावर पत्र्याची पेटी आहे, येऊन बघा. आम्ही म्हटले, रविवारी येतो. शुक्रवारी भंगारवाला येऊन गेला. पेटी पत्र्याच्या भावाने गेली आणि आतले कागद त्याने काढून अंगणात टाकले, ते सकाळी झाडून जाळले गेले. वाचले ते एकच पाकीट, तेही पेटीखाली अडकले म्हणून. तेव्हापासून नवरात्र संपताच आम्ही घरोघर फोन करतो आणि निरोप आला तर त्याच दिवशी जातो. मूळ कागद आम्ही मागत नाही. घरीच बसून फोटो काढतो, आवक वहीत नोंद करतो, घरच्यांची सही घेतो.

१ नोव्हेंबरला राज्याचा स्थापना दिवस असतो. त्या आठवड्यात ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतो. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि एकेकाळी नागपूर विभागात असलेला आपला जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. माहेर गोंदियाला आणि सासर बालाघाटला अशा बायकांच्या मध्ये एका रात्रीत राज्याची सीमा आली. आता ऐंशीच्या पुढच्या लोकांनाच ते आठवते. ज्यांच्या घरी अशी व्यक्ती आहे त्यांनी नोव्हेंबरची वाट पाहू नये.

धानकापणी झाली की बांध कोरडे होतात आणि फेब्रुवारीपर्यंत आमच्या फेऱ्या चालतात. लांजीचा किल्ला आणि कोटेश्वर मंदिर, हट्ट्याची बावडी, रामपायलीचे राममंदिर ही नेहमीची ठिकाणे. रेल्वेचेही एक प्रकरण आहे : १९०३ ते १९०५ च्या सुमारास सुरू झालेली अडीच फुटी सातपुडा लाइन. बालाघाट ते जबलपूर ती २०१५ मध्ये बंद झाली, आता मोठी लाइन आहे. जुन्या फलाटांचे, पुलांचे फोटो ज्यांच्याकडे असतील त्यांनी कळवावे.

फेरीत नियम एकच : पाहायचे, मोजायचे, फोटो काढायचा, उचलायचे काही नाही. दगडाला तेल-शेंदूर लावून अक्षरे उठवायची नाहीत. जमिनीत काही सापडलेच तर ते ग्रामपंचायतीला आणि कलेक्टर कचेरीला कळवायचे. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे आणि त्यात मर्यादा दहा रुपयांची आहे. विनापरवाना खोदणे हा गुन्हा आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, आपल्या जिल्ह्यात सापडण्यासारखे काय आहे? १८७० मध्ये गुंगेरिया गावाजवळ तांब्याची ४२४ हत्यारे-अवजारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे एका जागी मिळाले. तांब्याचे वजन ८२९ पौंड, म्हणजे पावणेचार क्विंटल. भारतातला हा ताम्रनिधींपैकी सर्वांत मोठा समजतात. त्यातले नग नागपूरच्या संग्रहालयात गेले, थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियमपर्यंत गेले. वाकाटक राजा दुसरा पृथ्वीषेण याचा ताम्रपट बालाघाटच्या नावानेच ओळखला जातो. कीलहॉर्न या जर्मन पंडिताने तो वाचला. त्यात वंशावळ आहे, पण दान कोणाला आणि कशाचे ते कोरायचेच राहिले. फॉर्म भरून रक्कम लिहायची राहावी, तसे. तिरोडीचा ताम्रपट दुसऱ्या प्रवरसेनाचा. त्याच्यावर आणि एकूण वाकाटकांवर म. म. वा. वि. मिराशी यांनी लिहिले आहे. ज्यांना आणखी वाचायचे आहे त्यांनी या. मा. काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' मिळवावा. शहरात इतिहास व पुरातत्त्व शोध संस्थानाचे संग्रहालय आहे, मुलांना घेऊन तिथे जरूर जावे.

उन्हाळ्यात फार काही होत नाही. सकाळी आठपर्यंत बाहेर, मग घरात. मे महिन्यात पाणी उतरलेले असते तेव्हा विहिरी-बावड्यांच्या खालच्या पायऱ्या आणि कोनाडे दिसतात, त्यांचे फोटो घेतो. सुट्टीत नागपूर-पुण्याहून आलेली नातवंडे संगणकावर वही उतरवून देतात. आम्ही एक ओळ वाचेपर्यंत त्यांच्या तीन होतात. मेअखेर वहीतले आकडे आणि फोटोंचे आकडे जुळवतो. गेल्या वर्षी अकरा फोटो वहीपेक्षा जास्त निघाले. कोणाच्या घरचे ते अजून लागलेले नाहीत. त्यातल्या एकात नऊवारीतल्या दोन बायका एका घराच्या ओसरीवर बसल्या आहेत, मागे लाकडी खांब आणि वर 'श्री'ची पाटी. कोणाला ते घर ओळखू आले तर मोडीच्या वर्गात येऊन सांगावे, मृग लागताच तो पुन्हा सुरू होईल.