हत्यार धरणारा लोखंडी हात

लाटणे किंवा भोवरा करणारा कातारी आपण पाहिलेला असतो. लाकूड गरगर फिरते आणि तो पटाशी मुठीत दाबून धरतो. लाकडापुरते हे ठीक. लोखंड कातायचे तर मूठ पुरत नाही. हात जरासा हलला, की दांडा इथे जाड, तिथे बारीक! तरी अठराव्या शतकात इंग्लंडातले बहुतेक कारागीर असेच हत्यार हाती धरून काम करीत.

हेन्री मॉडस्ले १७७१ साली वुलिचला जन्मला. बाराव्या वर्षी तो तिथल्या शस्त्रागारात काडतुसे भरू लागला, आणि अठराव्या वर्षी लंडनच्या जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्याकडे लागला. ब्रामाचे कुलूप उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस होते. १८५१ पर्यंत ते कोणी जिंकले नाही. अशा कुलपाच्या घडणीत मॉडस्लेचा हात होता. पगार मात्र आठवड्याला ३० शिलिंग. लग्न झाले, पोरे झाली, तेव्हा १७९७ साली त्याने वाढ मागितली. ब्रामाने साफ नकार दिला. एवढ्या कारागिराला थोड्या शिलिंगांसाठी गमावणारा धनी शहाणा कसा म्हणावा?

मॉडस्लेने स्वतःचे दुकान थाटले. त्याच्या लेथवर हत्यार माणसाच्या हाती नसे. ते एका लोखंडी ठोकळ्यात आवळलेले असे, आणि ठोकळा सरळ मार्गावरून स्क्रूच्या जोरावर सरके. कल्पना त्याची एकट्याची नव्हे. फ्रान्सात वोकान्सोंने असा लेथ आधीच केला होता. पण अचूक स्क्रू, बदलती दंतचक्रे आणि सरकता ठोकळा यांची मॉडस्लेने बसवलेली सांगड इतकी पक्की होती, की हवा तसा आटा पुनःपुन्हा कातता येऊ लागला.

सरकत्या भागांची खुबी त्यांच्यामधल्या फटीत असते. सैल राहिली तर हत्यार थरथरते, घट्ट झाली तर ठोकळा अडतो. म्हणून तिथे एक पातळ पट्टी घालून ती स्क्रूंनी कसतात. मार्ग झिजला, की पुन्हा कसायची. पोळपाटाएवढी जागा, पण सारी अचूकता तिथे अडकलेली!

पुढे पोर्ट्स्मथच्या गोदीसाठी, मार्क ब्रुनेलच्या आराखड्यांवरून, मॉडस्लेने ४५ यंत्रे बनवली. ती जहाजांच्या कप्प्या करीत. १८०८ साली वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या, आणि ११० माणसांचे काम दहाजणांवर आले. उरलेल्या शंभरांचे पुढे काय झाले, हे विचारायला कोण बसले होते?

मॉडस्ले १८३१ साली वारला. वुलिचच्या चर्चच्या आवारातली त्याची समाधी त्याच्याच आराखड्याबरहुकूम झाली, आणि तीही ओतीव लोखंडाची!