चढ नसलेली वाट

डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं आणि वर एक अट घातली : सपाटीवर चाला, चढ नको. माझ्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरांचं जे मत आहे, तेच आमच्या ब्रँच मॅनेजरांचं एकंदर माझ्याबद्दल आहे. आहेत तोवर चालवून घ्या, फार अपेक्षा ठेवू नका.

आता पुण्यात राहून चढ टाळायचा कसा? इथे पर्वती आहे, वेताळ टेकडी आहे, आणि या सगळ्यांचा बाप सिंहगड आहे. आमचा कॅशियर दर रविवारी सिंहगड चढतो आणि सोमवारी दुपारपर्यंत काउंटरवर त्याची मिनिटं मोजून देतो. तानाजी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री गड चढला तेव्हा त्याने घड्याळ लावलं नव्हतं, हे त्याला सांगून उपयोग नाही. शेवटी मी तोडगा काढला. सिंहगडच्याच बसमध्ये बसायचं, पायात बूट, पाठीला पिशवी, असं साग्रसंगीत. आणि खडकवासल्याला गुपचूप उतरायचं.

धरणापासून गोऱ्ह्याच्या दिशेने चालू लागलं की उजव्या हाताला पाणी आणि डावीकडे लांब सिंहगड. गडाकडे न बघता चालावं, म्हणजे मनाला लागत नाही. सकाळी लवकर जावं, कारण दुपारनंतर तिथे कणसं, भजी आणि अख्खं पुणं येतं. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की खाली काठाकाठानेही जाता येतं. समोरचा काठ मात्र आपला नाही. तिथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ ला तिची कोनशिला बसवली आणि जानेवारी १९५५ मध्ये उद्घाटन झालं. तिथली मुलं पहाटे उठून धावतात. आपण या काठाने चालावं, त्यांनी त्या काठाने धावावं, देशाचं भागतं.

हे पाणी इथे अडवलं फाइफ नावाच्या इंग्रज इंजिनिअर साहेबाने. पुण्याला आणि लष्कराला पाणी हवं, शेतीला कालवे हवेत, म्हणून मुठा नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही दगडी भिंत उभी राहिली आणि तलावाला साहेबाचंच नाव मिळालं, लेक फाइफ. पुढे भिंत न वाढवता जास्त पाणी कसं साठवायचं, असा प्रश्न आला. तो सोडवला विश्वेश्वरय्यांनी. १९०३ साली त्यांनी इथे स्वयंचलित दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दारं आपली आपण उघडायची आणि उतरलं की मिटायची. ना अर्ज, ना मंजुरी, ना साहेबाची सही! आमच्या बँकेत स्ट्राँगरूम उघडायलासुद्धा दोन किल्ल्या आणि दोन माणसं लागतात, आणि त्यातला एक हमखास चहाला गेलेला असतो.

एका रविवारी मी बाबांना बरोबर नेलं. वय अठ्ठ्याहत्तर, पण गुडघे माझ्यापेक्षा बरे. मी हौसेने वरची माहिती सांगत होतो. बाबा ऐकत नव्हते. ते भिंतीकडे बघत होते.

"फुटली कुठे होती रे?" त्यांनी विचारलं.

१२ जुलै १९६१. वर आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण, काम अजून पुरं व्हायचं होतं, त्यात पावसाने पाणी भराभर चढलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण गेलं. सगळं पाणी खाली खडकवासल्यावर आलं. फाइफसाहेबाच्या भिंतीने काही तास तग धरला आणि मग तीही फुटली. फुटलेला भाग पुढे पुन्हा बांधला. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. वयाने शंभरीच्या आसपास होते.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर प्रकार साधा आहे. आजच्या हिशेबाने खडकवासल्यात मावतं १.९७ टीएमसी, म्हणजे दोन अब्ज घनफुटांनाही थोडं कमीच. पानशेतमध्ये १०.६५ आणि नंतर झालेल्या वरसगावात १२.८२. म्हणजे वरची दोन धरणं ही मुदत ठेव, आणि खडकवासला हे रोजच्या खर्चाचं बचत खातं. मुदत ठेव एका सकाळी मोडून सगळी रक्कम या खात्यात ओतली, तर खातं काय करणार? हे मी बाबांना समजावून सांगितलं.

"हो," बाबा म्हणाले. "आणि आम्ही ग्राहक."

बाबा तेव्हा चौदा वर्षांचे, वाडा नारायण पेठेत. पाणी येतंय अशी ओरड झाली तेव्हा आजीने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण घेतला आणि शेजारणीचं एक मूल घेतलं. आजोबांनी काय केलं? घराला कुलूप लावलं. सगळी गल्ली पर्वतीच्या दिशेने पळत असताना आजोबा परत फिरले आणि कुलूप ओढून बघून आले. चौथ्या दिवशी परतले तेव्हा कुलूप शाबूत होतं. पाठीमागची भिंत नव्हती. आजोबांनी किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि रीतसर दारातून आत गेले. आत चिखल होता. लग्नाचा फोटो, बाबांची शाळेची पुस्तकं, घराचे कागद, सगळ्याचा एकच लगदा झाला होता.

ही गोष्ट बाबा आमच्याकडे नेहमी कुलपापर्यंतच सांगतात आणि सगळे हसतात. लगद्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर बाबा खडकवासल्याला आले नाहीत, म्हणून मी घराजवळचीच दुसरी वाट धरली. याच धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याने शहरात येतो आणि पुढे हडपसरकडे जातो. पाण्याला चढ चढता येत नाही, म्हणून कालव्याची आखणी उतार अगदी बेताचा ठेवून करतात. माझ्या गुडघ्यांसाठी याहून चांगला इंजिनिअर मिळणार नाही. २७ सप्टेंबर २०१८ ला हाच कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला आणि वस्तीत पाणी घुसून कित्येकांचे संसार वाहून गेले. सरकारी खुलाशात उंदीर, घुशी आणि खेकडे यांची नावं आली. एकानेही इन्कार केला नाही.

आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. तरी घरातले महत्त्वाचे कागद एका पत्र्याच्या पेटीत आणि पेटी माळ्यावर, तीही अगदी छताला टेकवून. लग्नाला वीस वर्षं झाली, आमची ही तेवढीच वर्षं मला सांगतेय की ती पेटी कपाटात ठेवा. गेल्या महिन्यात पॅन कार्ड हवं होतं. स्टुलावर चढलो (गुडघ्यांना न विचारता), पेटी काढली, कार्ड घेतलं. बाबा खालून बघत होते.

"कपाटात ठेवू का?" मी विचारलं.

"ठेव की."

मी पेटी परत वर सरकवली. बाबांनी स्टूल धरून ठेवलं होतं.