कंपवाताच्या इतिहासातील कष्टकरी



मी वैद्य नव्हे. कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेलेला माणूस आहे. तेव्हा कंपवाताचा इतिहास मी वाचला तो एकाच प्रश्नासाठी : हे ज्ञान कोणाच्या देहावरून मिळाले?

१८१७ साली लंडनच्या हॉक्स्टन भागातील जेम्स पार्किन्सन या वैद्याने या रोगावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यात रोगी अवघे ६. एक माळी, एक न्यायाधीशाच्या कचेरीतला नोकर, एक स्पेनच्या तुरुंगात ओल्या भुईवर निजलेला खलाशी. काहीजण त्याला रस्त्यातच भेटले. एकाला तर त्याने दुरूनच पाहिले. विसावलेल्या हाताचा कंप, पुढे झुकलेले अंग, चालता चालता धावू लागणारी पावले, सारे त्याने नेमके टिपले. हाच पार्किन्सन सामान्यांसाठी मताचा हक्क मागणाऱ्या संघटनेचा सभासद होता, आणि १७९४ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे त्याची जबानीही झाली होती. पुढे फ्रान्सच्या शार्कोने रोगाला त्याचे नाव दिले. माळ्याचे नाव मात्र कोणाला ठाऊक नाही.

दुसरा धागा ग्लासगोचा. ब्लीचिंग पावडरसाठी तेथे मँगनीजचे खनिज दळीत. ते दळणाऱ्या मजुरांचे पाय लुळे पडतात, तोल जातो, आवाज बसतो, असे जॉन कूपर या डॉक्टरने १८३७ साली लिहिले. हा कंपवात नव्हे, त्याचा सख्खा शेजारी. कंपवातात मेंदूच्या एका काळसर भागातील पेशी मरतात आणि डोपामिन आटते; मँगनीज मुख्यतः त्याच्या जवळच्या दुसऱ्या गाठीवर घाव घालते. डोपामिनची ही तूट १९६० साली व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकेविच यांनी दाखवली.

आता दोन्ही धागे एकत्र येतात. अमेरिकेत ब्रुकहेवन येथे जॉर्ज कोट्झियास मँगनीजवर संशोधन करीत होता. चिलीतील खाणकामगारांचाही त्याने अभ्यास केला. त्याच वाटेवर १९६७ साली त्याने डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेली आणि जखडलेले कंपवाताचे रोगी चालू लागले. आज जगभर घेतले जाणारे लेव्होडोपा हे औषध असे रुळले. परंतु मँगनीजने बाधलेल्या कामगाराला त्याचा टिकाऊ गुण येत नाही. त्याला उपाय एकच : धूळ नाकात जाऊच न देणे.

हा उपाय प्रयोगशाळेत नव्हे, कामाच्या जागी करावा लागतो. खनिज ओले करावे, धूळ ओढून घेणारे पंखे बसवावेत, कामगारांची वेळोवेळी तपासणी व्हावी. आपल्या देशात मँगनीजची विषबाधा सरकारला कळवण्याच्या रोगांत घातली गेली ती १९४८च्या कारखाना कायद्याने, म्हणजे कूपरनंतर १११ वर्षांनी. आणि नागपूर-भंडाऱ्याची भूमी मँगनीजचीच आहे. तेथे एखाद्या खाणकामगाराची चाल बिघडली, तर मुकादमाने ‘प्यालेला दिसतो’ म्हणून त्याला घरी धाडण्याआधी तो कोणती धूळ खात आला ते विचारावे. पार्किन्सनने रस्त्यातल्या अनोळखी माणसाला थांबवून विचारले होते; आपल्याला तर शेजारच्या पाळीतल्या माणसालाच विचारायचे आहे.